बिल शून्य, कर्ज ऐंशी हजार: एका ऊसतोड घराच्या वहीतून

वही शंभर पानी आहे. पहिल्या नऊ-दहा पानांवर आठवीची बैजिक राशी, मग एक पान कोरं आणि त्यापुढे ठळक अक्षरात ‘आईचा खर्च’. बाप सहीपुरता शिकलेला, म्हणून हिशोब मुलीकडे. आई-बाप शहरात दवाखान्यात, ही गावी आजीजवळ. रोज संध्याकाळी बापाचा फोन यायचा, तो सांगायचा आणि ती लिहायची. ‘रिक्षा ८०. केळी २०. गोळ्या बाहेरच्या ३४०.’ एका तारखेसमोर नुसतं ‘चहा १४’ एवढंच आहे. त्या दिवशी दोघांनी काय खाल्लं ते वहीत नाही.

मी बीड जिल्ह्यात रुग्णांसोबत दवाखान्यात जाण्याचं, त्यांची कागदपत्रं लावून देण्याचं काम करते. हे घर माझ्याकडे २०१८ च्या मार्चमध्ये आलं. त्यांना विचारूनच लिहिते आहे, पण नावं-गावं देत नाही. बाईंच्या कॅन्सरवरचे उपचार सरकारी योजनेतून झाले. रुग्णालयाने त्यांच्याकडून एक रुपयाही घेतला नाही, आणि तरी उपचार संपले त्या दिवशी घरावर ८०,००० रुपयांचं कर्ज होतं. हे कर्ज कुठून आलं ते मला ही वही वाचून पहिल्यांदा नीट कळलं.

बाईंचं वय तेव्हा ३८. घरात सासू, आठवीतली मुलगी, तिसरीतला मुलगा. दीड एकर कोरडवाहू. दसरा झाला की नवरा-बायको मुकादमाची उचल (मजूर नेणाऱ्याने दिलेली आगाऊ रक्कम) घेऊन सांगलीकडच्या कारखान्यावर तोडीला जायचे. जोडी म्हणजे एक कोयता. तो ऊस तोडतो, ती वाढं काढून मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. एक दिवस काम बुडलं तर तो खाडा, आणि खाड्याला दंड. बाईंच्या दुखण्याचा अर्धा इतिहास या खाड्याच्या भीतीत आहे.

पिशवी

अंगावरून रक्त जाण्याचा त्रास २०१७ च्या जानेवारीत सुरू झाला. फडात कोपीत राहायचं, न्हाणीघर नाही, पहाटे चारला उठून तोड. कुणाला सांगणार? पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, गावी आल्या, आणि मे महिन्यात तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात दाखवलं. सोनोग्राफी झाली. “पिशवीला सूज आहे, काढून टाका, नाहीतर पुढं कॅन्सर होईल.” हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलं आहे की आता त्या सांगायच्या आधी मला ते पाठ असतं. कॅन्सरचं नाव काढलं की माणूस घासाघीस करत नाही.

सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, औषधं मिळून ६,५०० रुपये. ऑपरेशन ३०,०००. त्यातले २५,००० मुकादमाने दिले, पुढच्या हंगामाच्या उचलीत धरून. उरलेले ११,५०० दोन शेळ्या विकून आले.

ऑपरेशन झाल्यावर मालकांना, म्हणजे बाईंच्या नवऱ्याला, आत बोलावलं आणि स्टीलच्या ट्रेमध्ये पिशवी दाखवली. बघा, किती खराब झाली होती. मालक मला म्हणाले, “मला काय कळतंय त्यातलं, ताई? लाल दिसलं. हात जोडले.” ती पिशवी कुठल्याही लॅबमध्ये गेली नाही. डिस्चार्ज कार्ड मी तीनदा वाचलं. गर्भाशयाच्या मुखाची आतून तपासणी केल्याची नोंद नाही, पॅप (मुखाच्या पेशींची तपासणी) नाही, तुकडा काढून तपासल्याचा रिपोर्ट नाही.

इथं थोडं थांबून सांगायला हवं. अंगावरून अवेळी रक्त जात असेल तर आधी गर्भाशयाचं मुख डोळ्यांनी बघायचं असतं. शंका आली तर तिथला तुकडा तपासायला पाठवायचा. गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघाला, तर बहुतेक वेळा नेहमीसारखी नुसती पिशवी काढून भागत नाही. लवकर सापडला तर सहसा आजूबाजूच्या भागासकट मोठी शस्त्रक्रिया करावी लागते, नाहीतर शेक (रेडिएशन) आणि केमोथेरपी. न बघता पिशवी काढली की आजार कडेला मागे राहतो, आणि पुढचे उपचार अवघड होतात. ज्या भीतीपोटी बाईंनी ऑपरेशन केलं, तीच गोष्ट बहुधा तेव्हा त्यांच्या अंगात होती आणि कुणी बघितली नाही.

बीडमधल्या पिशव्यांची चर्चा पुढे विधिमंडळापर्यंत गेली. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी केली. ८२,००० हून अधिक बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्या वेळी खाड्याचा दंड, पाळीच्या दिवसांतलं काम, दवाखान्यांचा धंदा या सगळ्यावर खूप लिहिलं गेलं आणि ते लिहायलाच हवं होतं. पण काढलेल्या पिशव्यांपैकी किती तपासायला गेल्या, हा प्रश्न मला आजही तितकाच महत्त्वाचा वाटतो.

मला सगळ्यात लागलेली गोष्ट वेगळी आहे. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाने आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयाने मिळून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा मोठा अभ्यास केला होता. १९९९ मध्ये सुरू झाला, निष्कर्ष २००९ मध्ये जगासमोर आले. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची (ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो त्याची) चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. त्याहून साधी पद्धत म्हणजे गर्भाशयमुखावर पातळ ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभराने नुसतं बघायचं. ती मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटाच्या प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी राबवली, आणि २०१३ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षात मृत्यू ३१ टक्क्यांनी घटलेले दिसले. म्हणजे ज्ञान परदेशातून यायचं नव्हतं, पलीकडच्या जिल्ह्यातून यायचं होतं. बाईंना वयाच्या ३८ वर्षांपर्यंत अशी एकही तपासणी कुणी विचारली नव्हती.

फडातून सिव्हिलपर्यंत

नोव्हेंबरमध्ये जोडी परत फडात. त्या वर्षाची उचल ९०,०००, त्यात ऑपरेशनचे २५,००० मिळवून १,१५,०००. पोटाला पट्टा बांधून बाई मोळ्या उचलत होत्या. २०१८ च्या जानेवारीत परत रक्त जायला लागलं. पिशवीच नाही तर रक्त कुठून येतंय, हा प्रश्न त्यांना पडला होता. तिथल्या डॉक्टरने गोळ्या आणि इंजेक्शनं दिली, ३,२०० रुपये. फेब्रुवारीत त्या फडात चक्कर येऊन पडल्या तेव्हा दोघे गावी परतले. तोवर त्यांच्या नावावर ६२,००० चं काम झालं होतं. मुकादमाचे ५३,००० अंगावर राहिले.

मग फिरणं सुरू झालं. तालुक्याला परत सोनोग्राफी आणि औषधं, ४,८००. खासगी सेंटरवर स्कॅन, ७,५००. खासगी लॅबमध्ये तुकड्याची तपासणी, २,५००. या सगळ्या येण्याजाण्याचे ४,०००. फडातल्या डॉक्टरचे धरून २२,००० रुपये गेले, आणि त्यातली बरीचशी तपासणी सिव्हिलमध्ये झाली असती. पण सिव्हिलला पहिल्यांदा जा म्हणून सांगणारं कुणी भेटलं नाही. गावातल्या आशाताईंनी मला फोन केला तेव्हा रिपोर्ट हातात पडून चार दिवस झाले होते आणि घरातली गाय बाजारात उभी होती. ती १८,००० ला गेली. दुधावर मुलाची शाळेची वह्या-पुस्तकं चालायची.

गाठ योनीच्या वरच्या टोकाला होती, जिथं पिशवी कापून शिवली होती तिथेच. आजार दूर पसरलेला नव्हता. बरं व्हायची आशा होती, आणि ती डॉक्टरांनी स्पष्ट बोलून दाखवली. बाहेरून २५ दिवस शेक, त्यासोबत आठवड्यातून एकदा सलाईनमधून सिस्प्लाटिन हे केमोथेरपीचं औषध, आणि शेवटी आतून दोन शेक.

हे औषध जुनं, स्वस्त. कॅन्सरच्या खर्चाचा विषय निघाला की आपल्याकडे लाखाच्या इंजेक्शनांबद्दल बोललं जातं, आणि ज्यांच्या घरी ती लागतात त्यांचं दुःख खरंच आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१९ मध्ये कॅन्सरच्या ४२ औषधांवरचा व्यापारी नफा ३० टक्क्यांवर आणून ठेवला, ते चांगलं झालं. पण या घराचं औषधावाचून काही अडलं नव्हतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं (आता ते पाच लाखांचं झालं आहे) आणि त्यात शेक, केमोथेरपी, सगळं बसत होतं.

लाईटचे पंचवीस दिवस

१६ एप्रिलला दोघे विभागाच्या ठिकाणी एका सरकारी कॅन्सर रुग्णालयात पोचले. आरोग्यमित्राने, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या माणसाने, रेशनकार्ड बघितलं. पिवळं कार्ड, सगळं ठीक, फक्त त्यावर बाईंचं घरात हाक मारायचं नाव होतं आणि आधारवर शाळेच्या दाखल्यातलं. मंजुरी अडली. प्रतिज्ञापत्र, तलाठी, तहसील. मालकांनी गावी तीन चकरा मारल्या, प्रत्येकी ६०० रुपयांच्या, आणि ११ दिवस गेले. ते ११ दिवस बाई रुग्णालयाच्या आवारात झाडाखाली बसून असायच्या. हे कार्ड मी मार्चमध्येच तपासायला हवं होतं. त्यानंतर माझ्याकडे आलेल्या प्रत्येक घराचं रेशनकार्ड आणि आधार मी सगळ्यात आधी शेजारी ठेवून वाचते, एकेक अक्षर.

शेक रोज पाच-सात मिनिटांचा. रुग्ण लोक त्याला लाईट म्हणतात. लाईट झाली की घरी जायचं, म्हणजे कुठल्या घरी? रुग्ण ॲडमिट असला तर त्याच्या जेवणाची सोय होते. लाईटवाल्याला खाट नाही, म्हणून जेवणही नाही, आणि गाव पावणेदोनशे किलोमीटरवर. मुंबईत टाटाच्या रुग्णांसाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळची नाना पालकर स्मृती समिती आहे, आणि तिथेही गर्दी एवढी की अनेकांना फुटपाथ गाठावा लागतो. या शहरात आम्हाला तशी जागा मिळाली नाही. एका चाळीत खोली घेतली, महिना ३,०००. दोन महिन्यांचे ६,००० झाले. वरच्या दिवसांचं भाडं घरमालकिणीने घेतलं नाही. दोघांचं जेवणखाण दिवसाला १२० रुपयांत बसवलं होतं, ६३ दिवसांचे ७,५६०. रिक्षा ३० दिवस, २,४००. जुलाब, लघवीची जळजळ, सोललेली कातडी यांवरची बाहेरून आणलेली औषधं, प्रोटीनची पावडर आणि नारळपाणी मिळून ५,२४०. गावच्या चकरांचे १,८०० धरून झाले बरोबर २३,०००. यासाठी बाईंनी बचत गटातून २०,००० उचलले, महिना दोन टक्क्यांनी, आणि तपासण्या-राहण्याच्या खर्चात जे कमी पडलं ते ७,००० त्यांच्या भावाने दिले.

एसटीत कॅन्सरच्या रुग्णाला भाड्यात सवलत असते. दाखला लागतो, तो रुग्णालय देतं. आम्हाला तो पाचव्या आठवड्यात मिळाला, कारण आम्ही पाचव्या आठवड्यात मागितला. रेल्वेची सवलत याहून मोठी आहे, स्लीपरला रुग्णाचं भाडं पूर्ण माफ. पण बीडला रेल्वे आली ती २०२५ मध्ये.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गावाकडे पाऊस झाला. मधे चार दिवस मशीन बंद पडल्याने बाहेरचे दोन शेक मागे राहिले होते, शिवाय आतले दोन. त्या संध्याकाळी मालकांनी मला फोन केला. आवाज चढलेला नव्हता, उलट फार शांत होता.

“ताई, तेवीस झाले की. राहिलेल्यानं असं काय होणार हाय? पेरणी गेली तर वरीसभर खायाचं काय?”

अर्धवट सोडलेल्या शेकानं आजार परत उठतो, हे मी त्यांना सांगितलं. ते त्यांना डॉक्टरांनीही सांगितलं होतं. त्यांना ते पटत नव्हतं असं मुळीच नाही. त्यांच्यापुढे दोन नुकसानं होती आणि एकाची तारीख आजची होती. उपचार अर्ध्यात सोडून जाणाऱ्यांना आपण अडाणी म्हणतो, बेफिकीर म्हणतो. त्या दिवसापासून मी हे शब्द वापरणं बंद केलं. आशाताईंनी भावकीतल्या दोघांना गाठलं, सावडीवर पेरणी करून द्यायचं ठरलं. बियाणं उधार मिळालं. मालक थांबले. १७ जूनला दोघे शेवटचा शेक घेऊन गावी आले.

वहीची बेरीज

मुलीने खाली रेघ मारून बेरीज केली आहे: ८१,५००. पिशवीच्या ऑपरेशनचे ३६,५००. आजार कळेपर्यंतचे २२,०००. उपचाराच्या काळातले २३,०००. म्हणजे शंभरातले जवळपास पंचेचाळीस रुपये अशा ऑपरेशनला गेले जे त्या पद्धतीने व्हायलाच नको होतं. सत्तावीस रुपये योग्य दारापर्यंत पोचायला लागले. उरलेले अठ्ठावीस खोली, भाकरी आणि रिक्षाला. रुग्णालयाच्या खिडकीवर शून्य. योजनेचं संरक्षण दीड लाखाचं पाच लाख झालं याचा मला मनापासून आनंद आहे, पण या घराच्या ८१,५०० पैकी एकही रुपया त्याने कमी झाला नसता.

देणं असं उरलं: मुकादम ५३,०००, गट २०,०००, भाऊ ७,०००. शेळ्या आणि गाय गेली ती वेगळी. मालकांची दोन महिन्यांची बुडालेली मजुरी वहीत नाही, कारण हातात न आलेले पैसे लिहायचे असतात हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

जुलैत आम्ही संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरला. कॅन्सरचा रुग्ण त्यात बसतो. मंजुरी व्हायला सहा महिने लागले, जानेवारीत पहिले ६०० रुपये आले. त्यातले ४०० गटाच्या व्याजाला जायचे.

वहीत नसलेली आणखी एक गोष्ट म्हणजे ती वही लिहिणारी. आई घरी आली तेव्हा तिला उठून बसवावं लागत होतं. मुलगी जूनमध्ये नववीच्या वर्गात गेली नाही. ऑक्टोबरमध्ये मुकादम हिशोबाला आला, ५३,००० चे व्याजासह ६५,००० सांगितले, आणि म्हणाला, तुम्ही आता अर्धा कोयता, पोरीला घ्या, पुरा होईल. त्याच आठवड्यात एक स्थळही आलं. मुलाकडच्यांना जोडी करून उचल घ्यायची होती. मुलीचं वय १४. त्या वर्षी मराठवाड्यात दुष्काळ, पेरलेलं निम्मंही आलं नव्हतं. घरात कुणी बोलत नव्हतं असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी बाई भिंतीला टेकून बसल्या आणि सासूसमोर मालकांना म्हणाल्या, “माझ्या औषधापायी पोर द्यायची असंल तर मला आधी सांगायचं होतं. मी लाईट घेतली नसती.”

मालक चुलतभावासोबत तोडीला गेले. मुलगी घरी राहिली, आईचं केलं, भावाचा डबा केला, आणि शाळेतल्या एका शिक्षिकेने तिचा १७ नंबरचा (बाहेरून दहावी देण्याचा) फॉर्म भरून घेतला. २०२० च्या मार्चमध्ये तिने दहावी दिली. कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला ते वर्ष. बीजगणितात तिला चांगले गुण पडले.

बाईंच्या तपासण्या पहिली दोन वर्षं तीन-तीन महिन्यांनी होत्या. २०२० मध्ये एसटी बंद असल्याने दोन हुकल्या, त्या काळात मला झोप लागत नसे. २०२३ च्या जूनमध्ये पाच वर्षं पूर्ण झाली आणि आजार परतलेला नाही. जड उचलता येत नाही, लघवीचा त्रास कायमचा राहिला. त्या आता गावात शिवणकाम करतात.

गटाचे पैसे २०१९ च्या उन्हाळ्यात फिटले, भावाचे त्याच्या पुढच्या वर्षी. मुकादमाचा शेवटचा हप्ता २०२१ च्या मार्चमध्ये, पट्टा पडल्यावर दिला. त्या ओळीपुढे मुलीने कंसात लिहिलं आहे: ‘पिशवीचे’.